घरात देवी असताना

“आई, काय पायजे तुला? तू म्हनशील ते देऊ. सांग, आई.”

आत्याबाई हात जोडून विचारत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि समोर कडुनिंबाच्या पाल्यावर जी ‘आई’ निजली होती, ती त्यांचीच शेंडेफळ लेक, आठ वर्षांची ठकू. दोन दिवसांपूर्वीपर्यंत याच आत्याबाई तिला ‘सटवे, मेले’ करत गल्लीभर हुडकत फिरायच्या.

“गूळ,” ठकू म्हणाली.

आत्याबाईंनी गुळाची अख्खी ढेप आणून तिच्या उशाशी ठेवली आणि पुन्हा हात जोडले.

आमच्याकडे देवी निघाल्या की असंच होतं. तापानंतर अंगावर फोड उठले, ओळख पटली, की त्या घटकेपासून ते माणूस ते माणूस राहत नाही. देवी घरी वस्तीला आलेली असते. मग आजाऱ्याला नावानं हाक मारायची नाही, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, घरात फोडणी द्यायची नाही, डोक्याला तेल लावायचं नाही. दाराला निंबाच्या डहाळ्या बांधल्या की आतलं माणूस बाहेर जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही. आणि आजाऱ्याच्या तोंडून जे निघेल तो देवीचा शब्द. तो मोडला तर ती कोपते आणि जाताना घर धुऊन नेते.

आम्ही जातीचे साळी, विणकर. गोदावरीकाठच्या त्या कसब्यात आमची अख्खी गल्ली मागांची. पहाटेपासून खटखट सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. माझं बाळंतपण चालू होतं तेव्हासुद्धा मामंजींनी माग थांबवला नव्हता. पण ठकू कण्हत म्हणाली, “खटखट नगं,” आणि मामंजी मागाच्या खड्ड्यातून असे उठले की जणू पायाला विंचू चावला. अर्धवट विणलेलं लुगडं तसंच ताणलेलं राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं मामंजींची तंबाखू सोडवली. मामंजींनी चंची दाराबाहेर भिरकावली आणि तोंड पाडून बसले. ठकू माझ्याकडे बघून हळूच हसली. तेव्हा तिचे डोळे अजून उघडत होते.

“वैनी,” आत्याबाई-मामंजी आसपास नसताना ती म्हणाली, “मी म्हनलं की समदे ऐकत्यात गं.”

“ऐकनारच. देवी हाईस तू.”

“तू नगं तसं म्हनू. तू मला ठकू म्हन.”

म्हणून आम्ही दोघीच असलो की मी तिला ठकू म्हणायची. हळू आवाजात, दाराकडे बघत.

तिच्याजवळ मीच असायची, कारण मला भीती नव्हती. माझ्या लहानपणी देवीनं माझ्या तोंडाची चाळणी करून ठेवली होती. एकदा येऊन गेली की ती पुन्हा येत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आत्याबाईंना आणि मामंजींनाही येऊन गेली होती. माझे मालक लुगड्यांचे गठ्ठे घेऊन पुण्याच्या पेठेत गेलेले. तेव्हा त्या घरात कोऱ्या अंगाचे जीव दोनच होते. एक ठकू. दुसरा माझा मालू, नुकता बसायला लागलेला.

मालूला मी स्वयंपाकाच्या खोलीतून हलू देत नव्हते. ठकूचं सगळं आटोपलं की अंगावरचं लुगडं बदलायची, राखेनं हात घासायची आणि मगच त्याला पाजायला घ्यायची. असं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या माहेरी एकाच उन्हाळ्यात तीन भावंडं गेली होती, एकाच पटकुरावर एकामागून एक निजवलेली. मी आणि माझा दादा उरलो. देवीबद्दल मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

सोमवारी सकाळी आत्याबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, “आई, काय पायजे तुला?” आणि ठकू म्हणाली, “मालू.”

मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते, मालू कडेवर.

“मालूला माझ्यापाशी निजवा,” ठकू म्हणाली. तोपर्यंत तिचे डोळे पार मिटले होते. पापण्यांवरही फोड होते.

आत्याबाईंनी मान खाली घातली. “तुझी इच्छा, आई. उद्या मंगळवार हाय. तुझा वार. उद्या सकाळी लेकराला न्हाऊ घालून तुझ्या ओटीत घालते.”

मी आत्याबाईंना हाताला धरून चुलीपाशी ओढलं. सुनेनं सासूला असं ओढायचं नसतं, पण मला तेव्हा काही सुचत नव्हतं.

“आत्याबाई, त्याला अजून देवी न्हाई निघाल्या. तिच्यापाशी निजवला तर त्याला धरंल.”

“धरंल?” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “देवी म्हंजी काय खरूज हाय व्हय? तिला वाटंल त्याला ती शिवती. आता तिनं तोंडानं मागितलंय. न्हाई दिलं तर ती दोन्ही लेकरं न्हेईल. दिलं तर दोन्ही ठेवील.”

“आन् न्हाई ठेवली तर?”

त्यांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. “गप. ऐकती ती.”

 आत्याबाई दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. तोंडानं फटकळ होत्या, मला ‘काळतोंडी’, ‘अवदसा’ म्हटल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. पण त्यांनी पाळण्यातली आणि रांगती अशी बरीच पोरं पुरली होती. राहिले ते माझे मालक आणि ही ठकू. आता त्यांना देवीला फसवायची हिंमत उरली नव्हती, आणि माझा मालू हा त्यांच्याकडे देण्यासारखा शेवटचा मोठा नैवेद्य होता. हे मला कळत होतं, आणि तरी मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता.

“मला माहेरी जाऊ द्या. नदीपल्याड तर हाय. ठकूचं बरं झालं की येते.”

“नाव घेऊ नगंस तिचं!”

बाहेरच्या दारात मामंजी बसलेले. ते तिथूनच म्हणाले, “देवी घरात असताना उंबरा वलांडनार व्हय? दोन पावलं तरी जाशील का? गल्ली दगडं मारंल.”

ते खोटं नव्हतं. वरच्या आळीतला एक जण देवीचं घर सोडून बायकोपोरांसह निघाला होता. देवी त्याच्या पाठोपाठ दारोदार फिरेल म्हणून लोकांनी त्याला शिवेवरून हाकत परत आणला आणि घराला बाहेरून कडी घातली. आमच्या गल्लीतही समोरच्या घरातल्या बायका आळीपाळीनं खिडकीशी बसून आमच्या दारावर नजर ठेवत होत्या. त्याच बायका पाचसहा महिन्यांपूर्वी मालूच्या बारशाला घुगऱ्या खाऊन गेल्या होत्या.

मी परसात जाऊन आले. भिंत डोक्याएवढी, तिच्यावर बाभळीच्या काट्यांची झाप. चढलेही असते, पण मालूला वर फेकणार कुणाकडे? परत आत आले. मालू चुलीपुढच्या राखेत हात घालून खिदळत होता. मी त्याला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

दुपारी आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगल्या. मामंजी दारात डोक्यावर पंचा घेऊन पडले होते. मी ठकूजवळ बसून निंबाच्या डहाळीनं माशा वारत होते. तिच्या अंगाला वास येऊ लागला होता. हाताच्या तळव्यांवर तेवढे फोड तुरळक होते, बाकी बोट ठेवायला जागा नव्हती.

“वैनी, मालू उद्या येनार ना?”

“तुला मालू कशाला गं पायजे, ठकू?”

 बोलताना तिला त्रास व्हायचा, तोंडाच्या आतही फोड होते.

“त्याला काय कळत न्हाई,” ती म्हणाली. “तो मला हात जोडनार न्हाई. बोट दिलं की धरंल.”

मी डहाळी खाली ठेवली.

“आये मला हात लावत न्हाई, वैनी. परवा मी म्हनलं, जवळ ये, तर पाया पडली.”

 मी तिचा तळवा माझ्या हातात घेतला. तो तापला होता. मनात म्हटलं, राही, आत्ता बोलली नाहीस तर उद्या बोलून उपयोग नाही.

“ठकू, ऐक. मालू तुझ्यापाशी निजला तर त्यालापन असंच होईल. हे असंच, अंगभर.”

“माझ्यामुळं?”

खोटं बोलायला हवं होतं. आठ वर्षांच्या पोरीला असं सांगतात का? पण मला माझं पोर हवं होतं.

“व्हय,” मी म्हणाले.

तिनं हात काढून घेतला. “मग आयेला सांग, ठकूला मालू नगं म्हनून.”

“माझं कोन ऐकतंय? तुलाच सांगाया पायजे. तू सांगितलंस तरच आम्हाला जाऊ देतील.”

“जाऊ देतील? कुटं?”

“मालूला घेऊन मी माहेरी जाईन. इथं राहिला तर आज न्हाई उद्या त्याला धरंलच.”

“तू पन जानार?”

“पितंय गं अजून ते. एकट्याला कसा धाडू?”

“मग माझ्यापाशी कोन बसंल?”

“आत्याबाई बसतील.”

“आये बसत न्हाई,” ठकू म्हणाली. “आये उभी ऱ्हाती.”

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी हाक मारली, पुन्हा मारली.  संध्याकाळी मी ताकाची वाटी तोंडाला लावली तर तिनं ओठ मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. माझ्या हाती एकच दोर होता आणि तोही मीच तोडला.

मंगळवारी सकाळी आत्याबाईंनी जमीन सारवली. मालूला स्वतः न्हाऊ घातलं. त्याला हळद लावली, कपाळभर कुंकू लावलं, कोऱ्या फडक्यात गुंडाळलं. तो खुशीत होता, आजीच्या नथीशी खेळत होता. मामंजी उघड्या अंगानं, हात जोडून उभे. ठकूपुढे दहीभाताची वाटी ठेवली होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.  लग्नात आईबापांनी दिलं की मुलगी परक्याची होते, हे ऐकलं होतं. पण पोटचं पोरही आपलं नसतं, हे मला त्या सकाळी कळलं.

“आई,” आत्याबाई म्हणाल्या, “तू मागितलंस ते आनलंय. पदरात घे आन् शांत हो.”

ठकू म्हणाली, “आये, मालू नगं.”

आत्याबाई थबकल्या.

“वैनीला त्याला न्हेऊ दे. मला नगं तो.”

किती साधं बोलली होती. घरात इतर वेळी बोलावं तसं. 

आत्याबाई मामंजींकडे वळल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “परीक्षा बघती वो ती,” त्या पुटपुटल्या. मग गुडघ्यांवर बसल्या. “आई, आमची परीक्षा नगं बघू. मी मनापासनं देते. माझा एकुलता नातू हाय, तरी देते. घे.”

“आये, मी ठकू हाय गं,” ठकू म्हणाली. “देवी न्हाई. मी ठकू हाय.”

मामंजींनी जमिनीवर डोकं टेकलं. आत्याबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात मालूला घेऊन पुढेच येत होते. “चुकलं आसंल आमचं. तू म्हनशील ती शिक्षा दे, पन अशी थट्टा करू नगंस, आई.”

मालूचा पाय पाल्याला टेकला.

आणि ठकूनं हात झाडला. दहीभाताची वाटी उडाली आणि भिंतीवर आपटली. ती कोपरावर उठली. त्या अंगानं कशी उठली कुणास ठाऊक. मिटल्या डोळ्यांनीच तिनं तोंड माझ्या दिशेला केलं.

“त्या काळतोंडीला हाकला!” ती ओरडली. आवाज चिरकलेला, जाडा, तिचा नव्हताच. “अवदसा! तिचं पोर मला कशाला दाखवता? तिला आन् तिच्या पोराला शिवेभाईर घाला! आत्ता! पुन्हा ह्या घरात तिचा पाय पडला तर एकेकाला न्हेईन!”

शब्द सगळे आत्याबाईंचेच होते. रोज सकाळी मी ते ऐकत आले होते. पण त्या घटकेला हे कुणाला आठवायला सवड होती? आत्याबाई मागच्या मागे सरकल्या आणि मालूला असं माझ्या अंगावर टाकलं की तो हातातून निसटता निसटता राहिला.

“जा! जा भवाने, ऐकलं न्हाईस?”

मामंजींनी दारावरच्या डहाळ्या बाजूला केल्या आणि समोरच्या घरांकडे बघून ओरडले, “देवीचा हुकूम हाय! देवीनं हिला घालवलीय! कुनी अडवू नका!”

मी उंबऱ्यात वळून पाहिलं. ठकू पुन्हा निजली होती, भिंतीकडे तोंड करून. मला तिच्या पाठीवर हात ठेवून यायचं होतं. आत्याबाई मध्ये उभ्या होत्या.

गल्लीतून जाताना कुणी दगड मारला नाही. दारं मात्र एकामागून एक लागत गेली.

माहेरच्या शिवेवर रखवालदारानं काठी आडवी धरली. आमच्या कसब्यात देवी आहेत, हे त्यांना कळलं होतं. त्यानं निरोप धाडला तसा दादा धावत आला. पण तोही लांबच उभा राहिला. त्याची पोरं लहान होती, मी त्याला दोष दिला नाही. आमच्या मळ्यात, वस्तीपासून दूर, एक खोप होती. तिच्यात मी आणि मालू राहिलो. दादा बांधावर भाकरी ठेवायचा आणि हाक मारून जायचा. एका घरातून सुटले आणि दुसऱ्यात कोंडले गेले, एवढाच काय तो फरक. दिवसातून कितीदा मी मालूचं अंग उघडून बघायची, त्याचा हिशोब नाही. डास चावला तरी माझं काळीज लक्कन हलायचं. एकदा त्याचं अंग कोमट लागलं. त्याला छातीशी धरून मी ठकूलाच हाका मारत बसले. देवीला नव्हे, ठकूला. दुसऱ्या दिवशी त्याला दात फुटलेला दिसला.

मालूला देवी आल्या नाहीत.

एके दिवशी दादा बांधावर भाकरी ठेवून लगेच गेला नाही. “राही,” तो म्हणाला, “तुझी नणंद गेली.” मला रडू यायला हवं होतं. मी मालूला पाजत बसले होते, तशीच बसून राहिले.

मालक पुण्याहून आले ते महिनाभरानं. दादाच्या अंगणात उभे राहिले, आत आले नाहीत. मालूला खेळवलं, लाकडी बैल दिला.

“आई म्हनती, देवीनं हाकललेली सून घरात घ्यायची कशी?”

“आन् तुमी काय म्हनता?”

त्यांनी पागोटं सारखं केलं. त्यांच्या आईसमोर त्यांचं म्हणणं असं कधी नसायचंच. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं. मी दादाच्या पडवीत माग घातला आणि पोटापुरतं विणू लागले. गावानं मला वाईट वागवलं नाही, फक्त शुभकार्याला बोलावलं नाही. देवीनं घालवलेल्या बाईच्या हातचं हळदकुंकू कोण घेणार? बाळंतिणीच्या खोलीत मला प्रवेश नव्हता. नवरीला हळद लागायच्या वेळी बायका मला गोड बोलून गोठ्याकडे धाडायच्या. मी जायची. गाईगुरं निदान तोंड फिरवत नव्हती.

आणि सगळी वर्षं एकच गोष्ट मनात घोळत राहिली. त्या सकाळी बोललं ते कोण? कधी वाटायचं, ठकूच. तिनं साध्या शब्दांत सांगून पाहिलं, कुणी ऐकेना, तेव्हा आईच्या तोंडचे शब्द उचलले. कधी वाटायचं, आदल्या दुपारी मी तिला सोडून जायची भाषा केली, त्याचा राग होता तो. नाहीतर ‘पुन्हा पाय पडला तर’ हे कशाला म्हणाली असती? आणि ज्या दिवशी गावातल्या बायका फारच गोड बोलायच्या, त्या दिवशी वाटायचं, खरंच देवी बोलली असेल. नाहीतर मला असं जगायला लागलं नसतं.

मालूला मिसरूड फुटली. त्याचं लग्न ठरलं. मुलीकडची माणसं भली होती. त्यांचं एकच म्हणणं होतं, की मंडपात मुलाच्या आईचे विधी दादाच्या बायकोनं करावेत आणि मी मागे, पडद्याआड बसावं. मी हो म्हणाले. मालू चिडला, ताटावरून उठला. मीच त्याची समजूत घातली.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना भर सकाळी दादाच्या दारात बैलगाडी थांबली. आत्याबाई उतरल्या. मी ओळखलं ते त्यांच्या चालण्यावरून. बाकी काही राहिलंच नव्हतं, हाडं आणि लुगडं. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या तसाच बाजूला ठेवला.

“मालूचं लगीन हाय म्हनं.”

“व्हय.”

“तू मागं बसनार म्हनं.”

 बातमी नदी ओलांडून गेली होती तर.

“मला एक इचारायचंय,” त्या म्हणाल्या. “खरं सांग. घरात तिच्यापाशी तूच असायचीस. त्या मंगळवारी माझ्या घरात बोलली ती देवी होती का ठकू?”

 त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

“तू गेलीस, आन् तिनं इचारलं, ‘शिव वलांडली का?’ मी म्हनलं, वलांडली, आई. मग म्हनाली, ‘आये, मला मांडीवर घे.’ राही, देवीला मांडीवर घेत्यात का? मी पायावर डोकं ठेवलं. ती घे घे म्हनत ऱ्हायली आन् मी पाया पडत ऱ्हायले. मग म्हनायची थांबली.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “हे म्या आजवर कुनाला सांगितलं न्हाई. ती ठकू आसंल, तर तुझ्यावर देवीचा कोप कधी नव्हताच. मी आजच ह्या गावात दारोदार फिरून सांगते. तुला घरी न्हेते, थोरली सून म्हनून. मंडपात तू फुडं उभी ऱ्हाशील. तेवढं सांग मला.”

‘शिव ओलांडली का?’ म्हणजे तिनं वाट बघितली होती. आम्ही निसटेपर्यंत ती देवी राहिली आणि मग ठकू झाली. इतकी वर्षं जे कळत नव्हतं ते त्या एका प्रश्नात होतं. मला हंबरडा फोडावासा वाटला. माझ्यावरचा सगळा डाग एका शब्दानं जाणार होता. ‘ठकू’ म्हटलं की झालं. तो शब्द माझ्या ओठांवर होता.

समोर म्हातारी बसली होती. मी ‘ठकू’ म्हटलं असतं, तर तिनं आपल्या पोटच्या पोरीला मांडीवाचून मरू दिलं, हे मीच तिच्या पदरात घातलं असतं. तिला हेच ऐकायचं होतं की काय, कुणास ठाऊक. पण ते माझ्या तोंडून निघेना.

“देवी होती, आत्याबाई,” मी म्हणाले. “देवीच होती. तिचे शब्दच येगळे होते. तुमी केलं ते बरोबर केलं.”

त्या ऐकत राहिल्या. वाटलं, आता मोकळ्या होतील, पाणी पितील, गाडीत बसून जातील. मंडपात मी मागे बसेन, त्यात काय एवढं? पडद्याआडूनही मंगलाष्टकं ऐकू येतात.

मग त्यांनी वर पाहिलं.

“मग माझी ठकू कुटं होती गं तवा?”

  त्या हात जोडून बसल्या होत्या, माझ्यापुढे, आणि आपण हात जोडलेत हे त्यांना कळतही नव्हतं. मी पुढे सरकले, ते हात सोडवले आणि म्हातारीचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं.